गाडी डावीकडे का ओढते?

ब्रेक दाबला की गुरुप्रसादची गाडी डावीकडे ओढते, हे धारवाडच्या मळमड्डीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पेपरवाला तर हल्ली सायकल गल्लीच्या उजव्या कडेनंच आणायचा.

गुरुप्रसाद विमा कचेरीत होता. सोमवार ते शनिवार तो फाइली हलवायचा आणि महिन्यातल्या एका रविवारी रायापूरच्या पुढच्या माळावर गाडी पळवायचा. तिथं हौशी लोकांची शर्यत असे. एकेकानं सुटायचं, चार पिंपांना वळसा घालायचा आणि चुन्यानं आखलेल्या चौकटीत गाडी थांबवायची. एक चाक जरी बाहेर राहिलं तरी बाद. या शर्यतीसाठी त्यानं हौसेनं अलॉयची, मोठमोठ्या भोकांची चाकं बसवली होती. नेमका तेव्हापासूनच तो दोनदा बाद झाला. दुसऱ्या खेपेला गाडी चौकट सोडून पंचांच्या तंबूपाशी गेली आणि पंचांचा चहा सांडला.

वडील बाळाचार्य निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांनी निकाल दिला, "येत्या रविवारी गाडी चौकटीत सरळ थांबली तर ठेव. नाही तर सोमवारी विकून टाकायची. घरातली माणसं बसतात रे तिच्यात."

"थांबेल, अप्पा," गुरुप्रसाद म्हणाला. गाडी गेली तर आयुष्यात नुसत्या फाइली उरतील. काही झालं तरी दोष शोधायचाच, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, आठवड्याची रजा टाकून त्यानं गाडी हुबळीला, कमरीपेठेत बाबाजी मेस्त्रीकडे नेली. बाबाजीनं चाक काढलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

"साहेब, डावा ब्रेक धरतोय, उजवा धरत नाही. म्हणून डावीकडे ओढतीय. उजव्या ब्रेक पॅडला तेल लागलंय बघा. नि हे लाल म्हणजे गंज."

नवे पॅड बसले. हुबळी ते धारवाड गाडी शहाण्यासारखी आली. डावीकडच्या भिंतीला खेटून गुरुप्रसादनं ती अंगणात लावली. आई शकुंतलाबाई तबक घेऊन बाहेर आल्या, तोवर तो हात धुवायला आत गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच वळणावर गाडी डावीकडे भाजीवालीच्या हातगाडीकडे वळली.

"तेल परत आलं म्हणजे ते अडवणारं सील गेलंय की," बाबाजी म्हणाला. बुधवारी सील बदललं. गुरुवारी गाडी पुन्हा डावीकडे.

आता बाळाचार्यांनी वही काढली. गाडी विकायची गोष्ट वेगळी, पण कोडं न सुटता विकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शुक्रवारी ते स्वतः कमरीपेठेत गेले आणि दोन्ही बाजूंचे पॅड नवे घालून, ब्रेकच्या तबकड्या, म्हणजे डिस्क, धुऊन घेतल्या. परत आल्यावर म्हणाले, "आज गाडी उलटी लाव. डावं चाक मोकळ्या बाजूला येऊ दे, मला बघायचंय."

गुरुप्रसादनं गाडी उलटी लावली. शनिवारी सकाळी ती उजवीकडे ओढायला लागली.

त्यानं बाबाजीला फोन केला. 

"नोडरी, बघा साहेब, रोग असा बाजू बदलत नसतोय," बाबाजी म्हणाला. "हे पान्याचं काम नव्हं. कुणाची तरी दृष्ट लागलीय. आईंना सांगा, जरा कुंकू-बिंकू लावा म्हणून."

गुरुप्रसाद चिडला, पण हरला नाही. दुपारी त्यानं स्वतः सगळं धुतलं, पुन्हा नवे पॅड घातले आणि गळती कुठून होते ते बघायला चटई घेऊन गाडीच्या मागून खाली शिरला. पोट आत ओढत, कोपरांवर सरकत तो पुढच्या चाकापर्यंत पोचला. तेवढ्यात चाकाच्या भोकातून हिरव्या बांगड्यांचा एक हात आत आला. बोटावर लालभडक काहीतरी होतं. ते त्या हातानं चकचकीत तबकडीवर नीट गोल लावलं.

"आई," खालून आवाज आला.

"अगबाई. तू तिथं काय करतोयस रे?"

"तू काय करतीयस?"

"दुरुस्त होऊन आलेल्या वस्तूला कुंकू लावतीय. मिक्सर आला तेव्हा नव्हतं लावलं? आधीच्या चाकांना झाकण्या होत्या, त्यांच्यावर लावायची. तू ही भोकांची चाकं आणलीस, मग लावायचं कुठं? आत ही तबकडी तेवढी सापडली. तेलात कालवून लावते, म्हणजे उडत नाही."

"मग एकाच बाजूला का?"

"पलीकडे भिंत आहे की. माझा हात कसा पोचायचा?"

बाळाचार्यांनी ओसरीवरून वही पहिल्यापासून चाळली. प्रत्येक बिघाडाच्या आदल्या दिवशी दुरुस्ती होती आणि प्रत्येक दुरुस्तीच्या दिवशी तबक होतं.

"म्हणजे माझ्या कुंकवानं बिघडली म्हणता?" शकुंतलाबाई दुखावल्या होत्या.

गाडीखालून बाहेर येत गुरुप्रसादनं हात जोडले. "आई, उद्यापर्यंत आपल्या गाडीला हात लावू नको. एवढं ऐक."

"नाही लावत आपल्या गाडीला," त्या म्हणाल्या आणि तबक घेऊन आत गेल्या. त्यानं पुन्हा सगळं धुतलं.

रविवारी तिघंही माळावर गेले. चिठ्ठीत गुरुप्रसादचा पहिला नंबर निघाला. चार पिंपांना वळसा घालून तो चौकटीत आला, ब्रेक दाबला आणि गाडी सरळ, अगदी मधोमध थांबली. त्याचे डोळे भरून आले. बाळाचार्यांनी वहीत बरोबरची खूण केली.

मग दुसरी गाडी आली आणि चौकट सोडून डावीकडे गेली. तिसरीही डावीकडे. पाचवी गेली तेव्हा गुरुप्रसादचं हसू मावळलं. सातवी, नेहमी पहिल्या येणाऱ्या लक्ष्मणची, पंचांच्या तंबूपाशी जाऊन थांबली. पंचांनी या वेळी चहा आधीच उचलून धरला होता.

करंडक घेऊन गुरुप्रसाद आईकडे आला. त्यांच्या हातातल्या पिशवीतून तबकाची कड दिसत होती.

"आई, काय केलंस?"

"आपल्या गाडीला हात नाही लावला. बाकीच्या बिचाऱ्या, त्याही भोकांच्याच चाकांच्या, तशाच उभ्या होत्या. त्यांच्या आया आल्या नव्हत्या. कुंकू थोडं होतं, म्हणून एकेकच चाक केलं, उजवं."

गुरुप्रसाद पंचांना सगळं सांगून टाकायला वळला, तोच लक्ष्मण समोर आला आणि शकुंतलाबाईंच्या पाया पडला.

"अक्का, सकाळी तुम्ही कुंकू लावताना बघितलं मी. ब्रेक पार गेला होता, तरी कुणाला ओरखडा नाही. तुमच्या कुंकवानं वाचलो आज."

शकुंतलाबाईंनी मुलाकडे फक्त बघितलं. गुरुप्रसादनं करंडक लक्ष्मणच्या हातात ठेवला. का, ते मात्र त्याला काही केल्या सांगता येईना.

परतताना बाळाचार्यांनी वही मिटली. "गाडी राहू दे. ती चाकं तेवढी विक."

"आणि जुन्या झाकण्या लाव," मागून शकुंतलाबाई म्हणाल्या. "माळ्यावर पुसून ठेवल्यात मी."