अधिक पाच

"साहेब, सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतोय. पण या दोन्ही कानांची शपथ, अक्षर खोटं नाही," असं म्हणून पियानो जुळवणाऱ्या तात्यांनी खुर्ची पुढे ओढली.

तात्यांच्याच घरी, समोर नव्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक बसले होते. तिथला पियानो कायमचा कोणाच्या हाती सोपवायचा, हे ते आज ठरवणार होते. तात्यांना ते काम हवंच होतं. दारोदार फिरण्याच्या नोकरीचा त्यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. पण व्यवस्थापकांनी बसल्याबसल्या नको तेच विचारलं होतं, "जुन्या सभागृहातल्या पियानोला काय झालं होतं हो?"

"मेहुणा झाला होता," तात्या म्हणाले. "असं बघा, पियानोच्या शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे आम्ही शंभर बारीक भाग करतो. त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. मी सूर ऐकून खुंटीशेजारी खडूने आकडा लिहायचा, मेहुण्याने किल्ली लावून खुंटी पिळायची. एक सूर पाच सेंट उतरलेला निघाला. मी लिहिलं, अधिक पाच. म्हणजे काय?"

"पाच चढवा."

"तुम्हाला कळलं. त्या दिवट्याला वाटलं, सूर पाचने चढलाय असं मी कळवतोय. त्याने पाच उतरवला. झाला दहा खाली. मी लिहिलं, अधिक दहा. त्याने आणखी दहा उतरवला."

"तुम्ही थांबवलं नाहीत?"

"मला वाटलं, लाकूड सादळलंय. त्याला वाटलं, माझे कान सादळलेत. नात्यात बोलायचं कसं?"

व्यवस्थापक खुदकन हसले आणि तात्यांना चेव आला.

"चढलेल्या सुरांचं उलटं. तिथे मी उणे लिहायचो, तो आणखी ताणायचा. शेवटी जाड तारा इतक्या सैलावल्या की शिपायाने त्यांवर टॉवेल वाळत घातला. बारीक तारा अशा ताणल्या की त्यांवर बसलेली माशी थेट तिकीटखिडकीत जाऊन आपटली. वादकाने पहिली पट्टी दाबली, तर म्हशीने जांभई दिल्यासारखा आवाज. दुसरी दाबली, तर पुढच्या रांगेतल्या बाईंचा चष्मा तडकला. तेव्हापासून मी एकट्यानेच काम करतो. एकट्याच्या हातून चूक होतच नाही, साहेब."

व्यवस्थापकांनी मान डोलावली. काम जवळजवळ हातात आलं होतं. फक्त मेहुणा हा कोणाचा तरी सख्खा भाऊ असतो, एवढं तात्या विसरले होते, आणि ती बहीण चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

"माझा भाऊ त्या दिवशी पाय मोडून याच खोलीत पडला होता," ट्रे ठेवत काकू म्हणाल्या. "सकाळी खुणा तुम्हीच केल्यात, जेवून मस्त ताणून दिलीत, आणि उठून स्वतःच्याच खुणा उलट्या वाचल्यात. वर घरी येऊन मलाच विचारलंत, 'अगं, अधिक म्हणजे चढव, की चढलाय?'"