लांजेवारभाऊंचे जंतू

लोक अत्तराचा फाया हुंगतात, तसे आमचे लांजेवारभाऊ कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली अंथरलेला भाताचा तूस हुंगतात. मूठभर उचलायचा, दाबायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. मग निकाल: “अमोनिया कमी हाये. म्हणजे प्रोटीन बरोबर बसलं.” मी पहिल्यांदा शेडवर गेलो तेव्हा तीच मूठ त्यांनी माझ्याही नाकाशी धरली. त्या दुपारी मी जेवलो नाही.

चौबे कॉलोनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. रेल्वेच्या ऑफिसातही आमची टेबलं शेजारीच होती. रिटायर झाल्यावर मी झोपा काढू लागलो आणि भाऊंनी शहराबाहेर, बीरगांवच्या पलीकडे ब्रॉयलरची शेड घेतली. लोक कोंबड्यांना नको तितकं प्रोटीन चारतात, जास्तीचं सगळं विष्ठेतून बाहेर पडतं आणि त्याचाच तो वास, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खाद्यातली सोयाबीनची पेंड कमी करायची आणि पाण्यातून पोटाचे चांगले जंतू, म्हणजे प्रोबायोटिक, पाजायचे. हे ते कुठेही सांगत. एका बारशात त्यांनी बाळाच्या आजीला बाळाच्या आतड्यातल्या जंतूंबद्दल इतकं सांगितलं, की तिने बाळाला उचलून आतल्या खोलीत नेलं.

पहिल्या बॅचला भाऊंनी पेंड कमी केली. पण मग कमी पडणारी अमिनो आम्लं वरून घालावी लागतात, हे वाचायचं राहून गेलं. पक्षी वाढेनात, एकमेकांची पिसं उपटू लागले. घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने, ही कबुतरं आहेत का, असं विचारलं. भाऊंनी दोष हवेला दिला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी चूक दाखवली आणि पुढची बॅच चांगली निघाली. तो शोध आपलाच म्हणून भाऊ सगळ्यांना सांगत सुटले. त्या डॉक्टरांनाही सांगितला.

एकदा शेडवर कामाला असलेल्या बिसाहूने नेहमीसारखी टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली. भाऊ त्याच पाण्यात जंतू सोडून बसले होते. “काहून मारून राहिला रे माझ्या जंतूंले?” भाऊ ओरडले. पन्नाशीचा बिसाहू शांतपणे “हव भैया” म्हणाला आणि बिडी पेटवायला गेला. भाऊ दोन दिवस सुतकात असल्यासारखे वागले.

या उन्हाळ्यात शोभावहिनी, म्हणजे भाऊंची बायको, स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी भाऊंना विचारलं, या किती दिवसांपासून नीट जेवत नाहीत? वजन किती उतरलं? भाऊ माझ्याकडे पाहू लागले. दर रविवारी पक्ष्यांचं वजन करणारा हा माणूस. मला मनात हसू आलं, हे कबूल करतो. बाई मात्र हसल्या नाहीत. पोटात अल्सर निघाला. वहिनी महिनोन् महिने अर्ध्या पोळीवर उठत होत्या, तेही भाऊंच्या समोर ताटावर बसून जंतूंचं व्याख्यान ऐकत.

आठवड्याने वहिनी घरी आल्या. मी भेटायला गेलो तर शेड बिसाहूवर सोपवून भाऊ पलंगापाशी स्टुलावर बसलेले. वहिनींचा डोळा लागला होता. भाऊ हळूच म्हणाले, “कोंबडीनं एक दिवस दाणा कमी खाल्ला तर मले समजते. हे समोर बसून कमी खात होती.”

मी उठलो तसे दारापर्यंत आले. चपला घालत होतो तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “तुमच्या घरी खिचडी किती पातळ करतात? पाणी किती टाकायचं?”

नोकरीतली सव्वीस वर्षं आणि त्यानंतरची सगळी, लांजेवारभाऊंनी मला काही विचारल्याचं आठवत नाही. मलाही पाण्याचं माप माहीत नव्हतं. मी चपला काढल्या, बायकोला फोन लावला, आणि आम्ही दोघं गॅसपाशी उभे राहून ती सांगेल तसं करत गेलो.