प्रमाणित धडधड

दर रविवारी सकाळी सात वाजता फटफटीकाका आपली मोटरसायकल सुरू करत आणि पावणेआठला बंद करत. मधल्या वेळात ते कुठेही जात नसत. आवारात गाडी उभ्या स्टँडवर लावायची, शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा, असा तीस वर्षांचा परिपाठ होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा खिडकीतून "गाडीला काही झालंय का?" असं विचारलं होतं. त्यावर काकांनी "गाडी उत्तम आहे, तुमच्या कानांना काही झालंय का?" असं विचारून शेजारधर्माचा विषय कायमचा मिटवला होता.

वाहन कार्यालयाच्या समोर काकांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. 'मंजूर', 'नामंजूर' आणि 'पुन्हा या' हे तिन्ही शिक्के त्यांच्याच हातचे. 'पुन्हा या' सर्वांत लवकर झिजे, म्हणून तो जाड रबराचा. पण शिक्के म्हणजे पोटापुरतं. जीव सगळा मोटरसायकलीत, कारण ती वडिलांची. शहरातल्या दुचाकीप्रेमी मंडळाचे ते अध्यक्ष होते. दुचाकीत ते सायकल धरत नसत, स्कूटर नाइलाजाने धरत आणि इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघत.

"आवाज नाही ते वाहन नव्हे," ते म्हणत. "ते फर्निचर. चाकं लावलेलं फर्निचर."

पंचाईत अशी, की त्यांची एकुलती एक लेक हेच फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यात आराखडे काढायला होती. एकदा तिने स्वतःच्या डोक्यातून निघालेली गाडी घरी आणली. बसायची जागा गुडघ्याइतक्या उंचीवर, पाठीला टेकू, पाय पुढे पसरलेले, आणि टाकीच्या जागी काहीच नाही, नुसती हवा.

काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ह्यावर बसायचं की पडायचं?"

"बसायचं, बाबा. बॅटरी जड असते ना, म्हणून सगळं वजन खाली घेतलंय. वळणावर बघा कशी रस्त्याला धरून जाते."

"आणि टाकी?"

"पेट्रोलच नाही तर टाकी कशाला?"

"मग गुडघ्यांत काय धरायचं? तत्त्व?"

लेक हिरमुसली. कारखान्याने ग्राहकांचं मत घेतलं, तर ग्राहकही काकांचेच भाऊबंद निघाले. गाडी नव्या युगाची हवी, फक्त दिसायला जुनी हवी, असं त्यांनी एकमुखाने सांगितलं. मग टाकी आली. तिचं झाकण उघडलं की आत एक छत्री मावत असे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्या आल्या, इंजिन नसताना. काकांनी ती गाडी बाजारात पाहिली तेव्हा रिकाम्या टाकीवर मायेने थाप मारून म्हणाले, "हं, आता कशी गाडीसारखी गाडी वाटतेय." शेजारी उभ्या असलेल्या लेकीने कपाळाला हात लावला.

पुढचं सगळं रामायण घडलं ते एका धक्क्यामुळे. वाहन कार्यालयाचे मुख्य अधिकारी एके दुपारी रस्ता ओलांडत होते. मागून एक इलेक्ट्रिक गाडी चोरपावलांनी आली आणि त्यांना हलकेच लागली. इजा काही नाही, हातातली फाइल तेवढी पडली. हाच धक्का तुम्हाआम्हाला बसता तर त्याची किरकोळ अपघात म्हणून नोंद झाली असती, किंवा तीही झाली नसती. साहेबांना बसल्यामुळे त्याचं धोरण झालं. पंधरा दिवसांत आदेश निघाला, की चाक आणि बॅटरी असलेल्या प्रत्येक वस्तूने चालताना आवाज केलाच पाहिजे. कोणता करायचा, हे ठरवायला समिती बसली.

समितीने सात महिने आवाज ऐकले. बासरी वाजवून पाहिली, तर लोक बाजूला होण्याऐवजी थांबून ऐकू लागले. लहान मुलाच्या हसण्याचा प्रयोग झाला, तर लोक वाकून गाडीखाली बघू लागले. 'कृपया बाजूला व्हावे' असं म्हणणारी एक नम्र गाडी रस्त्यावर आणली, तेव्हा तिच्याशी चौकाचौकात भांडणं झाली आणि दोन ठिकाणी गाडीचीच बाजू पडती ठरली. शेवटी तज्ज्ञ बोलवायचा ठराव झाला. तज्ज्ञ समोरच शिक्क्यांच्या दुकानात बसलेला होता.

काका समितीपुढे दीड तास बोलले. "लोकांना काय विचारत बसता?" ते म्हणाले. "लोकांना काय कळतंय? आवाजाच्या बाबतीत तज्ज्ञाचंच मत शेवटचं धरा. मी तर म्हणतो, नियमातच घाला तसं."

तसं नियमात घातलं गेलं. आणि तज्ज्ञाच्या मते वाहनाचा खरा आवाज जगात एकच होता, तो त्याच्या आवारात स्टँडवर उभा होता. दोन दिवस ध्वनिमुद्रण चाललं. गाडीच्या चारी बाजूंना माइक, मध्ये काका नव्या शर्टात. त्यांनी चौदा ठिकाणी सह्या केल्या आणि एकही कागद वाचला नाही. पुढे ध्वनी विभागाने त्या आवाजाचं शुद्धीकरण केलं. म्हणजे त्यातली खरखर काढली, साखळीची कुरकुर काढली, आणि गाडीला मधूनमधून एक ठसका लागत असे, तोही काढला. जे उरलं त्याला 'प्रमाणित ध्वनी क्रमांक एक' असं नाव मिळालं.

पहिला महिना काकांचे पाय जमिनीवर नव्हते. रस्त्याने कुठलीही गाडी धडधडत गेली की ते दुकानातूनच मान किंचित झुकवत, तिने आपल्यालाच नमस्कार घातला असावा तशी. मंडळाने त्यांचा सत्कार केला. मग आदेशाचा अंमल वाढत गेला, कारण चाक आणि बॅटरी काय फक्त गाड्यांनाच असते? कचऱ्याचा डबा ओढणारी गाडी धडधडू लागली. दवाखान्यात पेशंट शस्त्रक्रियेकडे धडधडत जाऊ लागले. पोरांचा खेळण्यातला ससा मोटरसायकलीसारखा गरजत पलंगाखाली शिरू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची चाकाची खुर्चीही बॅटरीची होती. त्या मुद्दाम काकांच्या दाराशी येऊन ती जागच्या जागी फिरवत आणि आतून काका बाहेर आले की "तपासून बघतेय हो, नियम आहे," असं म्हणत.

खरा घोळ झाला तो काकूंचा. तीस वर्षं त्यांची एक रीत होती. काकांची गाडी कोपऱ्यावर वळली की आवाज ओळखून आधण ठेवायचं. काका जिना चढून येईपर्यंत चहा कपात. आता दिवसातून चाळीस वेळा तोच आवाज. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका दिवसात अकरा वेळा चहा केला आणि दहा वेळा एकटीने प्यायला. दुसऱ्या आठवड्यात मात्र अकराचा आकडा एकदम एकावर आला, आणि तो एक नेमका काकांचा. हे त्यांना कसं जमलं ते घरात कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही.

काकांचं दुःख वेगळंच होतं. रविवारी ते गाडी सुरू करून बसत, पण आता कुणी खिडकी आपटून लावत नसे. कुणाचं लक्षच जात नसे. हे त्यांच्या मनाला फार लागलं.

अशात गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. तिच्या आदल्या आठवड्यात कार्यालयाकडून एका नव्या शिक्क्याची मागणी आली होती: 'नक्कल, तीही सदोष'. "कुणा बिचाऱ्याच्या कपाळी बसणार कोण जाणे," असं म्हणत काकांनी अक्षरं नेहमीपेक्षा सुबक कोरली.

तपासणीला निरीक्षकांनी सायलेन्सरपाशी यंत्र धरलं आणि भुवया उंचावल्या. "हा आवाज कुठून घेतला?"

"घेतला? अहो, हिचाच आहे."

"हा इलेक्ट्रिक वाहनांसाठी राखीव आहे. तुमची गाडी पेट्रोलची. पेट्रोलच्या गाडीने इलेक्ट्रिक असल्याचा आव आणायचा नसतो."

"साहेब, मूळ आवाज हिचा! तुमचीच माणसं येऊन घेऊन गेली."

"मूळ आमच्या कपाटात आहे, कुलपात." निरीक्षक शांतपणे आकडे लिहीत होते. "तुमच्याकडे आहे ती मूळच्या आधीची नक्कल. आणि साधी नक्कलही धड जमलेली नाही. ब्याण्णव टक्केच जुळतेय. मधेच ठसका लागतो."

शिक्का उमटला. अक्षरं खरंच सुबक होती.

"आता काय करायचं?" काकांचा आवाज बसला होता.

"तीन आठवड्यांत आवाज बंद करणारी पेटी बसवा. पेटी बसली की गाडी मुकी होईल. मुक्या गाडीला आवाज सक्तीचा आहे, म्हणून प्रमाणित भोंगा लावा. नाहीतर गाडी भंगारात."

"म्हणजे तिचं तोंड दाबायचं आणि तिच्याच आवाजाचा भोंगा तिच्या गळ्यात बांधायचा?"

"वा!" निरीक्षक पहिल्यांदाच प्रसन्न झाले. "नियम इतका पटकन कुणाला समजत नाही."

काकांचं जेवणावरचं मन उडालं. गाडीपाशी जाऊन नुसते बसत, सुरूही करत नसत. काकूंना ते बघवेना. त्यांनी लेकीला कामाला लावलं, आणि लेकीने नियमांच्या चौऱ्याऐंशी पानांतून एक सवलत शोधून काढली. आवाजाच्या मूळ मालकाने अपील करावं. पडद्यामागे दोन आवाज होतील, एक गाडीचा आणि एक भोंग्याचा. मालकाने आणि घरातल्या एका साक्षीदाराने गाडी ओळखून दाखवली, तर ती हयातभर जशी आहे तशी चालवायची मोकळीक. दोघांत मतभेद झाल्यास तज्ज्ञाचं मत ग्राह्य.

"एवढंच?" काका किती दिवसांनी हसले. "अरे, झोपेत ओळखेन मी तिला! ताप आलेला असताना ओळखेन!"

सुनावणीच्या दालनात हिरवा पडदा, समोर तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीत ध्वनी अधिकारी. काकांना बाहेर थांबवून आधी काकूंना बसवलं. पडद्यामागे एक आवाज झाला, थांबला, मग दुसरा.

"पहिली," काकू म्हणाल्या. "पहिली आमची."

"कशावरून?"

"तिला मधेच ठसका लागतो. मामंजी चालवायचे तेव्हापासून लागतो. दुसरीला काही होतच नाहीये. अहो, जिवंत गाडी कधी इतकी सरळ चालते का? मी तीस वर्षं कोपऱ्यापासून ऐकतेय तिला."

अधिकाऱ्यांनी नोंद केली: 'उत्तर भावनिक'. मग काकांना आत बोलावून बसवलं. त्यांनी डोळे मिटले. पहिला आवाज सुरू झाला, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही कुठली हो? खरखरतेय नुसती. मालकाने फारच हयगय केलेली दिसतेय."

दुसरा आवाज सुरू झाला. आठी गेली. मान हळूहळू डोलायला लागली आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. अधिकाऱ्यांनाही जरा गलबलून आलं.

"हीच," काका म्हणाले. "ऐका, एकेक ठोका कसा सुटा पडतोय! हीच माझ्या वडिलांची गाडी."

काकूंनी मागून त्यांची बाही ओढली. "अहो, नीट ऐका ना. पहिली आपली आहे."

"तू थांब गं. तुला यातलं काय कळतंय?"

पडदा बाजूला झाला. एका बाजूला वडिलांची मोटरसायकल उभी होती, नुकतीच बंद केलेली, अजून गरम. दुसऱ्या बाजूला रिकाम्या टेबलावर डब्याएवढा भोंगा होता. लेक पायांकडे बघत होती. अपील तज्ज्ञाच्या मतानुसार फेटाळण्यात आलं. निकालाखाली तज्ज्ञाची सही लागते, ती काकांनी केली.

पेटी लेकीनेच बसवली. ती इतकी मोठी होती की बसायची जागा गुडघ्याइतकी खाली आली, पाय पुढे गेले आणि टाकी काढून मागे टाकावी लागली. काकांनी कशालाच हरकत घेतली नाही. उलट पुढच्या रविवारी स्टूल टाकून, डोळे मिटून भोंगा ऐकताना ते काकूंना म्हणाले, "बघ, आता कुठे ती पहिल्यासारखी वाटतेय." काकू वर गेल्या आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून रडल्या. आता काकांनी घंटी वाजवल्यावरच घरात आधण चढतं.

ही हकीगत वाचून ज्यांना काकांचं हसू आलं असेल, त्यांच्यासाठी कार्यालयाने पडद्याची परीक्षा सर्वांना खुली केली आहे. वाहन असण्याची अट नाही. गाणं, बातमी, माणूस, ज्या कशातलं आपल्याला फार कळतं असं आपण समजता, त्यात ती देता येईल. येताना घरातला एक साक्षीदार आणावा. साक्षीदाराचं उत्तर बहुधा बरोबर येतं, पण ते धरलं जात नाही. आपल्या घरी हीच पद्धत पूर्वीपासून चालू असल्यामुळे त्याबद्दल वेगळी सूचना देण्याची आवश्यकता कार्यालयाला वाटत नाही.