लाल गाडी आणि ओलं धान

गाडीच्या आवाजावरून तिचा आजार ओळखणारा माणूस तुमसर तालुक्यात एकच आहे आणि तो मी, कमलेश. ही बढाई नाही. मोबाईलवर एवढे व्हिडिओ पाहिले असते तर कोणीही झाला असता.

एवढं ज्ञान वाया जाऊ नये म्हणून मी नागपूरहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, आणि जमिनीला इतकी लागून की आत बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. आमची, म्हणजे माझ्या वडिलांची, बाबूजींची, राइस मिल आहे. मिलच्या आवारात बाबूजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. छान आहे म्हणाले, पण माल कुठं ठेवायचा?

मग नाकाडोंगरीच्या रस्त्यावर, खाणीच्या ट्रकांनी घडवलेल्या एका खड्ड्यात गाडी उतरली. त्या खड्ड्यात शिंगाडे लावता आले असते! वर आली ती मागून खडाक्-खडाक् करतच. डिक्कीत कोणी खलबत्ता घेऊन बसल्यासारखं. मी जागीच निदान केलं, शॉकअप गेले. दुसऱ्या दिवशी जास्त विचार केला तर चाकामागचे रबरी बुश गेले होते. नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने फोनवर आवाज ऐकला आणि सांगितलं की सगळं सस्पेन्शनच काढून रेसिंगचं किट टाका. हे निदान मला मनापासून पटलं.

बाबूजींना पटलं नाही. त्यांनी निकाल देऊन टाकला. रविवारपर्यंत आवाज बंद झाला तर गाडी राहील. नाहीतर ती विकायची आणि मालवाहू पिकअप आणायची. पिकअप मी चालवायची, हेही त्यांनी त्याच दमात ठरवलं.

रविवार उजाडला तरी खलबत्ता सुरूच. शेवटी मिलचा फिटर हेमराजभाऊ पुढे आला. आमच्या मिलमध्ये कोणतीही वस्तू थरथरली की इलाज एकच : तिच्यावर धानाचा कट्टा ठेवायचा. चाळणी असो, मोटार असो, चाळीस किलोचं पोतं अंगावर पडलं की सगळं शांत होतं. हेमराजभाऊच्या मते गाडी म्हणजे तरी दुसरं काय? मी शास्त्रीय दृष्टीने विचार केला. वजन पडलं की स्प्रिंग बसणार, स्प्रिंग बसली की आवाज बसणार. दोन कट्टे डिक्कीत कोंबले. तिसरा शेजारच्या सीटवर. त्याला बेल्टही लावला, कारण नाही लावला तर गाडी टूं-टूं करते.

गेटपर्यंत दोनदा खडखडलं, मग जी शांतता झाली! गाडी देवळातून निघाल्यासारखी चालली. मी त्या आनंदात सिहोरा ओलांडलं, बपेरा ओलांडलं, नदीचा पूलही ओलांडला. पलीकडे मध्यप्रदेश लागला तेव्हा भानावर आलो आणि गाडी वळवली.

इथेच चूक झाली. हंगामात तिकडचं धान इकडच्या सरकारी खरेदी केंद्रावर जास्त भावाने खपवायला चोरून आणतात, म्हणून पुलाच्या अलीकडे नाका बसतो. जाणाऱ्याला कोणी विचारत नाही. येणाऱ्याला थांबवतात. आणि मी येत होतो, मागून बसलेल्या गाडीत, शेजारी बेल्ट लावलेलं पोतं घेऊन.

नाक्यावर कृष्णराव नावाचे वयस्क गृहस्थ होते. त्यांनी आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धान कुठून आणून राहिला?"

"घरून."

"अन् नेऊन कुठं राहिला?"

"घरीच."

"मंग आणलं कायले?"

"गाडीचा आवाज बंद करायले."

नोकरीत कृष्णरावांनी बरीच कारणं ऐकली असावीत, पण हे नवीन होतं. ते म्हणाले, कट्टे उतरव. रिकाम्या गाडीतून आवाज आला तर सोडतो, नाहीतर गाडी जप्त.

मी खूश. माझ्या निरपराधपणाचा पुरावा गाडीतच होता! कट्टे उतरवले, कृष्णरावांना शेजारी बसवलं आणि गाडी स्पीडब्रेकरवर घातली.

शांतता.

परत घातली. रिव्हर्समध्ये घातली. खड्डा शोधून त्यात घातली. इतक्या दिवसांत तो आवाज मला पहिल्यांदाच हवा होता आणि गाडी म्हशीसारखी गप्प.

"गाडी तं मस्त आहे तुही," कृष्णराव उतरत म्हणाले. "आता खरं सांग."

बाबूजींना फोन करावा लागला. ते स्कूटरवर आले. पोत्यातून चिमूटभर धान घेतलं, एक दाणा दाताखाली फोडला आणि थुंकला. मग चार दाणे कृष्णरावांच्या हातावर ठेवले. कृष्णरावांनीही फोडले, थुंकले.

"ओलं आहे," कृष्णराव म्हणाले.

"म्हणूनच मिलमध्ये पडून होतं, कृष्णरावजी. कोणतंच केंद्र घेणार नाही हे. असा माल चोरून कोण आणन?"

कृष्णरावांनी माझ्याकडे पाहिलं. असं करू शकेल असा एक माणूस त्यांना दिसत होता, पण त्यांनी सोडलं.

बाबूजी मात्र हलेनात. डिक्कीतला एक कट्टा उंदरांनी कुरतडलेला निघाला, आणि दाणा सांडलेला त्यांना चालत नाही. त्यांनी डिक्कीचा गालिचा उचलला. खाली स्टेपनीचा खळगा धानाने काठोकाठ भरला होता. त्यांनी आत कोपरापर्यंत हात घातला आणि जॅक बाहेर काढला. नाकाडोंगरीच्या खड्ड्यात क्लिपमधून सुटून तोच इतके दिवस आपटत होता. धानात पुरला गेल्यावर गप्प बसला.

"हे तुहे शॉकअप?" बाबूजी म्हणाले.

बाबूजींनी तिन्ही कट्टे मला परत चढवायला लावले आणि गाडी मागून दबताना पाहिली. मग म्हणाले, आवाज गेला, गाडी राहील. वर म्हणाले, सस्पेन्शनही बदलून घे. मला रडूच येणार होतं!

"तीन कट्ट्यातच बसली बिचारी," ते म्हणाले. "सात तं उचलले पाहिजे तिनं."

तर अशा रीतीने माझी गाडी अपग्रेड झाली. मागे पिकअपला घालतात तसल्या स्प्रिंगा आहेत, शेजारची सीट काढून तिथे लोखंडी पत्रा आहे. खडखडाट अजिबात नाही. सकाळी तुमसरच्या बाजारात शिरलो की एवढाच काय तो आवाज येतो : "ओ लाल गाडीवाले, दोन कट्टे इकडं उतरवा."