काकांनी भरलेलं पाणी

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता चोवीस डिशमधल्या पेशी मोठ्या होऊन, वाळून, सुटून वर तरंगत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या लहान होत्या. संशोधक बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोष चष्म्याचा नव्हता.

पेशी उंदराच्या कातडीच्या होत्या. कातडीचा संसार फार शिस्तीचा. पेशी तळाशी जन्मते, मागून येणारीला जागा देत वर सरकते, सरकता सरकता चपटी होते, वाळते आणि एके दिवशी टॉवेलला लागून निघून जाते. जाताना कुरकुर नाही, निरोपाचं भाषण नाही. घोळ होतो तो एखाद्या हट्टी पेशीमुळे. तिला मोठं होणंच मंजूर नसतं. ती तळाशी ठाण मांडते आणि आपल्यासारख्याच आणखी जन्माला घालत बसते. शेजारच्या शहाण्या पेशी वेळेवर निघून गेल्या, की त्यांची जागाही तिलाच मिळते. गाठ धरायला लागते ती अशी.

बाई तीन वर्षं अशीच एखादी हट्टी पेशी शोधत होत्या. बारा डिशना त्यांनी पेशी बिघडवणारं एक रसायन दिलं होतं, बाराला दिलं नव्हतं. शहाण्या आणि हट्टी पेशी लहानपणी सारख्याच दिसतात, त्यामुळे लाखोंच्या गर्दीत शोध चालला होता. खाद्यात थोडं कॅल्शियम वाढवलं की शहाण्या पेशींना मोठं व्हायची आठवण होते आणि निवड आपोआप होते, हे बाईंना ठाऊक होतं. पण विभागप्रमुख सरांनी बजावलं होतं, "कॅल्शियमला हात लावायचा नाही. या डिश गेल्या तर दुसऱ्या नाहीत."

आता डिश गेल्या होत्या. येत्या शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. दाखवायला काही नसेल, तर काम बंद आणि बाईंचं टेबल शेजारच्या विभागातल्या मशरूमवाल्यांना. ते मागच्याच आठवड्यात येऊन टेबलाचं माप घेऊन गेले होते. जाताना ड्रॉवर नीट उघडतो का, तेही बघून गेले होते.

बाईंनी आधी उबवणीच्या कपाटावर संशय घेतला. कपाट दुरुस्त करणारा आला. त्याने तासभर सगळं उघडलं, सगळं बंद केलं आणि सांगितलं, "मशीन एकदम ओके आहे. फक्त आता दार लागत नाहीये."

"आधी लागत होतं."

"आधी मी उघडलं नव्हतं ना."

प्रयोगशाळेचे मदतनीस काका एप्रनची दोरी घेऊन आले आणि त्यांनी दार बांधून दिलं. काका बत्तीस वर्षं इथे होते आणि शुक्रवारीच निवृत्त होणार होते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन रिकामा दिसू द्यायचा नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. दोरीला गाठ मारताना ते सहज म्हणाले, "पाणी तर या वेळी चांगलं होतं."

बाई हळूच वळल्या. "काका, चांगलं म्हणजे?"

"म्हणजे आपलं नेहमीचं नव्हतं. गुरुवारी पाण्याच्या यंत्राची काच तडकली. तुम्ही तपासणीच्या गडबडीत, म्हटलं कशाला डोक्याला ताप. प्यायच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणल्या आणि कॅन भरून ठेवला."

"आणि मी त्याच पाण्यात खाद्य कालवलं."

"लेबल वाचून घेतलंय मी. आपल्या पाण्यात काही म्हणजे काही नसतं, ताई. यात सगळं आहे. कॅल्शियमसुद्धा आहे."

बाई स्टुलावर बसल्या. कपाटाचं दार दोरीला ताण देऊन बघत होतं.

"मेल्या का त्या?" काकांनी विचारलं.

"मेल्या नाहीत तशा. मोठ्या झाल्या आणि निघाल्या."

"मोठं होऊन निघायचंच असतं की." काकांनी दोरीची गाठ पुन्हा घट्ट केली. "ताई, तक्रार जरूर लिहा. फक्त शुक्रवार उलटल्यावर लिहा. निरोपाची फुलं घेताना बरं वाटेल."

बाईंनी कागद घेतला होता, तो परत ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर छान उघडत होता.

दुपारी एक वाजता रोजच्यासारखा आईचा फोन आला.

"जेवलीस?"

"नाही. आई, माझ्या सगळ्या पेशी मोठ्या होऊन निघून गेल्या."

"मग रडतेस कशाला? मुलं मोठी होऊन निघून गेली तर आया पेढे... ते जाऊ दे, आया निदान झोपतात तरी."

"मला त्या लहान हव्या होत्या."

"तुला लहान हवेत? इथे ये. पिल्लूला घेऊन जा."

पिल्लू म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. पिल्लू तेहतीस वर्षांचा होता. मागून ड्रमचा आवाज येत होता.

"थोरली सासरी गेली," आई सांगू लागली, "तिच्या खोलीत याचे ड्रम आले. तू गेलीस, तुझ्या खोलीत व्यायामाचं मशीन आलं. त्यावर कपडे वाळतात. तुझे बाबा पुस्तकं घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेले, तर यानं हॉलमध्ये गादी आणली. शहाण्यांनी जागा करून द्यायची आणि यानं पसरायचं. तू म्हणतेस सगळ्या गेल्या. नीट बघितलंस का? एक तरी उरतोच. आमच्याकडे उरलाय."

बाई ताडकन उठल्या. मग त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि धावल्या, कारण धुण्याच्या खोलीतून नळाचा आवाज येत होता.

काका ब्लीचच्या बादलीपुढे उभे होते. पहिली डिश त्यांच्या हातात तिरकी झाली होती.

"काका, थांबा."

"घाण मागे ठेवून जायचं नाही, म्हणून म्हटलं..."

"ठेवा. सगळी घाण ठेवा."

बाईंनी तरंगणाऱ्या पेशी हलकेच धुऊन टाकल्या आणि डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सगळा तळ ओसाड होता. जत्रा उठून गेल्यावर मैदान असतं, तसा. आणि एका कडेला, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा, पेशींचा एक लहानसा पुंजका बसला होता. पाणी त्यांनीही तेच प्यायलं होतं. कॅल्शियम त्यांनाही मिळालं होतं. मोठं व्हायचा निरोप आला, त्यांनी ऐकला आणि कूस बदलली.

रसायन दिलेल्या बारांपैकी सात डिशमध्ये असे पुंजके निघाले. न दिलेल्या बारांत एकही नाही. चार दिवस बाईंनी त्यांना तेच बाटलीचं पाणी घातलेलं खाद्य दिलं. मोकळी जागा बघून पुंजके ऐसपैस पसरले. शुक्रवारी सकाळी रंग दिल्यावर सात डिशमध्ये गुलाबी ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी डिश उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "कॅल्शियमचं प्रमाण फार धीटपणे निवडलंत. कसं ठरवलं?"

"विभागातला बत्तीस वर्षांचा अनुभव कामी आला," संशोधक बाई म्हणाल्या. दारामागे उभ्या काकांनी कॉलर नीट केली. सरांनी छताकडे पाहिलं. कॅल्शियमला हात लावायचा नाही असं आपण म्हणालो होतो, हे त्यांना आठवत होतं. ते आता कुणालाही आठवू नये, असंही त्यांना वाटत होतं.

समितीने काम पुढे चालू ठेवलं. टेबलही ठेवलं. अट एकच. हा प्रयोग आणखी तीनदा करून दाखवायचा आणि काडीचाही बदल करायचा नाही. तेच पाणी, तशाच डिश, तेच हात.

संध्याकाळी चार वाजता निरोपाचा कार्यक्रम झाला. मशरूमवाले उदास चेहऱ्याने मागे बसले होते. काकांना एका हातात फुलं मिळाली आणि दुसऱ्या हातात सरांचं पत्र. पत्रात त्यांना सहा महिने मुदतवाढ होती. काकांनी ते दोनदा वाचलं. लेकीच्या गावाचं उद्याचं तिकीट त्यांच्या खिशात होतं.

"मी नीट निघालो होतो हो, ताई," ते बाईंना हळूच म्हणाले. "वाळून, चपटा होऊन. कुरकुर न करता."

"माहितीये, काका."

काकांनी फुलं चंचुपात्रात ठेवली, उरलेल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि कॅनमध्ये किती आहे ते वाकून बघितलं. अर्धाच होता. ते पिशवी घेऊन दुकानाकडे निघाले.

तेवढ्यात आईचा फोन आला. बाईंनी सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते मोठं करायचं पाणी," ती म्हणाली, "उरलं असेल तर दोन बाटल्या इकडे पाठव. पिल्लूला देऊन बघते."

"आई, उपयोग नाही. ते पाणी पिऊनही जे मोठे होत नाहीत, त्यांनाच तर मी तीन वर्षं शोधत होते."

फोनमधून थोडा वेळ नुसते ड्रम ऐकू आले.

"तीन वर्षं?" आई म्हणाली. "मला विचारायचंस की."