डब्यातली सुपारी

"ह्या शिमग्याच्या आधी माझो आवाज सातासमुद्रापार जातलो," गुरुदास बुवांनी चहात बटर बुडवत जाहीर केलं.

त्यांच्या बायकोने, सत्यवतीने, परसाकडे बोट दाखवलं. "आधी ती माकडां गडग्यापार घालवा. मांडवावर एक दुधी ठेवूक नाय."

बुवांनी ते ऐकलं नाही. मोठी माणसं लहानसहान गोष्टींकडे लक्ष देत नाहीत, आणि बुवा स्वतःला मोठं समजत होते. तसं समजणारे गावात ते एकटेच होते, एवढीच काय ती अडचण.

ह्या अडचणीला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हा कट्टा गावात डबलबारी लागली होती. एका बाजूला आपले बुवा, दुसऱ्या बाजूला सड्यापलीकडच्या, म्हणजे कातळाच्या माळापलीकडच्या, वाडीतले हरिश्चंद्र बुवा. डबलबारी म्हणजे देवाचं नाव घेत माणसाची अब्रू काढायची. दोघे पेट्या पुढे घेऊन बसतात, एकमेकांना सवाल टाकतात, आणि ज्याला जवाब सुचत नाही त्याला घरी जायची वाट फार लांब पडते. मांडव भरलेला, बारी रंगात आलेली, आणि हरिश्चंद्र बुवांनी हात वर करून सवाल टाकला, "सेतू बांधूक सगळ्या वानरांनी दगड टाकले. एकाच वानरान टाकूक नाय. तो वानर कोण?"

गुरुदास बुवांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. पखवाजवाल्या मंगेशने वेळ मारून न्यायला चार आवर्तनं वाजवली, मग आठ, मग त्याचे हात भरून आले. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं, "अरे, तो वानर हयच बसलो हा!"

बारी तिथेच संपली, आणि बुवांचं भजनही. आमच्याकडे बुवाला भजनाला बोलवायचं तर त्याच्या हातावर सुपारी ठेवतात. ती हातात पडली की बारी पक्की. बुवांचा हात त्या दिवसापासून एकोणीस वर्षं कोरडा होता. त्याऐवजी मिळालं काय, तर 'दगडबुवा' हे नाव. कट्ट्याच्या बाजारात मासे विकणारी हौसाबाईसुद्धा बांगडे टोपलीतून काढता काढता विचारायची, "काय बुवा, टाकलात काय दगड?"

आणि गेल्या वैशाखात अंगावर पहिला तांब्या घेताना बुवांना जवाब सुचला. दगड न टाकणारा वानर म्हणजे किनाऱ्यावर बसून भजन गाणारा! त्याच्या तालावर तर बाकीचे दगड उचलत होते. तो गायला नसता तर सेतू उभा राहिलाच नसता. बुवा ओल्या पंचावर धावत स्वयंपाकघरात गेले आणि सत्यवतीला सगळं सांगितलं.

"बरा आसा," ती म्हणाली. "आता पंचो पिळा, भुंय भिजता."

जवाब मिळाला, पण तो द्यायला मांडव लागतो, आणि मांडवात बोलवायला कोण तयार होतं? बुवांनी सवाल, जवाब आणि त्यावरचा गजर पेटीवर गाऊन मोबाइलमध्ये भरला. बेचाळीस मिनिटांचा ऐवज. वाडीच्या ग्रुपवर टाकला, तर दीड मिनिटात तिघांनी अंगठे दाखवले. बेचाळीस मिनिटांचं भजन दीड मिनिटात ऐकणारी माणसं देवाने आमच्याच वाडीत कशी जन्माला घातली, देव जाणे.

मग नाक्यावरच्या सुदेशने आपलं सायबर कॅफे बंद केलं आणि जुना कॉम्प्युटर, शंभर कोऱ्या सीड्यांच्या डब्यासकट, बुवांच्या पडवीत आणून टाकला. त्याची अडगळ गेली, बुवांना कारखाना मिळाला. बुवा घरच्या घरी दिवसाला चार सीड्या काढू लागले. प्रत्येकीवर मार्करने लिहायचे, 'जवाब. गुरुदास बुवा.' वाटायला गेले की लोक हात पाठीमागे घ्यायचे. "बुवा, ही लावतलंय खंय? मशीन खंय आसा?"

दिवाळीत मुंबईहून पुतणी आकांक्षा आली आणि तिने सांगितलं, "काका, आपल्या सड्यावर एक जिओकॅश आहे."

बुवांनी त्यातलं फक्त 'कॅश' ऐकलं आणि चपला घातल्या. सड्यावर तिने मोबाइल बघत बघत त्यांना जुन्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, नेलं, चिऱ्यांच्या भगदाडात हात घातला आणि झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा काढला. आत एक परदेशी नाणं, किल्ल्यांची साखळी, रबराचा बेडूक आणि एक छोटी वही.

"ह्या का सोन्याचा हंडो?" बुवा म्हणाले.

"खेळ आहे काका. जगभरचे लोक असे डबे लपवतात आणि फोनवर बघून शोधत येतात. आतलं एक घ्यायचं, आपलं एक ठेवायचं, वहीत नाव लिहायचं."

"जगभरचे?"

"हो."

बुवांनी बेडूक खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन डब्यात सीडी ठेवली. आकांक्षा म्हणाली, "काका, सीडी आता कोण घेणार?" ती मुंबईला गेली. आठव्या दिवशी बुवा सड्यावर गेले, तर सीडी नाहीशी झालेली! आणि तिच्या जागी विड्याच्या पानावर एक अख्खी सुपारी.

बुवांनी ती उचलून कपाळाला लावली. एकोणीस वर्षांनी सुपारी. कोणीतरी जवाब ऐकला होता. नुसता ऐकला नव्हता, बारी ठरवून मोकळा झाला होता!

त्यांनी आणखी दोन सीड्या ठेवल्या. दोन्ही गेल्या, दोन सुपाऱ्या आल्या. मार्गशीर्ष संपेपर्यंत नऊ सीड्या गेल्या होत्या आणि देव्हाऱ्यात नऊ सुपाऱ्या ओळीने बसल्या होत्या. वहीत मात्र कुणाचं नाव नव्हतं. बुवांनी त्याचाही अर्थ लावला. मोठी माणसं नाव लिहीत नाहीत, थेट घरी येतात.

त्यांनी मंगेशला बोलावून घेतलं. मंगेशचे आता गुडघे गेले होते. पखवाज खाटेखाली होता आणि उंदरांनी त्याची वादी खाल्ली होती. पण नऊ सुपाऱ्या बघून तोही पाघळला. सत्यवतीने चपात्यांना मळलेली कणीक पखवाजाला लागली आणि घरात सलग चार दिवस भात झाला. नवा झब्बा शिवायला पडला.

"माकडां वाढली हत," सत्यवती रोज सांगायची. "आधी पाचसात येयत, आता चाळीस-पन्नास येतत. सड्यापलीकडसून येतत. तेंका थंय कोणी तरी भियवल्यान."

"शूऽ, तालीम चल्ली हा."

इथवर ठीक होतं. पण बुवांच्या पोटात बातमी राहीना. हौसाबाईने बांगडे देता देता नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ते भर बाजारात म्हणाले, "दगड टाकलंय. नऊ सुपाऱ्यो इल्यो हत. शिमग्याच्या आधी बारी आसा, येवा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाजाराला नवा प्रश्न मिळाला, "बुवा, बारी खंय?" बुवा सांगायचे, मोठं ठिकाण आहे. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. घरी कुणी आलं नाही. मंगेशही आता जरा वेगळ्या नजरेने सुपाऱ्यांकडे बघायला लागला. तेव्हा बुवांनी ठरवलं, देणारा लाजत असेल तर आपणच भेटावं. नवा झब्बा घालून ते सकाळी सड्यावर गेले, डब्यात सीडी ठेवली आणि गडग्याआड दबा धरून बसले.

ऊन चढल्यावर पावलं वाजली. बुवांनी हळूच डोकं वर काढलं. कमरेला कोयती, अंगात भोकं पडलेला बनियन, पाठीला बाक आलेला. हरिश्चंद्र बुवा!

हरिश्चंद्र बुवांनी चपला काढल्या आणि जागा राखणाऱ्या देवाला जोडावेत तसे गडग्यापुढे हात जोडले. "राखणदारा, म्हाराजा, आजय घेतंय रे. माझ्या झाडामाडांक सांभाळ." मग डब्यातली सीडी काढून काखेत मारली, पानावर सुपारी ठेवली आणि झाकण लावलं.

गुरुदास बुवा उभे राहिले.

"कोण ता?" हरिश्चंद्र बुवा दचकले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "हां, दगडबुवा. माका वाटला राखणदारच इलो."

"सुपारी कित्याक ठेवलंस?"

"म्हणजे? बैल शोधूक इलंय तेव्हा ह्यो डबो गावलो. राखणदाराच्या जाग्यातला काय घेतला तर तेका काय तरी ठेवूक नको? फुकट घेतला तर तो सोडीत?"

बुवांच्या डोळ्यांपुढे देव्हाऱ्यातल्या नऊ सुपाऱ्या आल्या. पण एक आशा अजून उरली होती, आणि आशेइतकी निर्लज्ज वस्तू दुसरी नाही. "आणि सीडी? ऐकलंस?"

"ऐकूची कशी? चल, दाखवतंय."

सड्याच्या उतारावर हरिश्चंद्र बुवांची बाग होती. पपई, केळी, मोहोरलेली कलमं. आणि फांद्याफांद्यांना सुतळीने टांगलेल्या नऊ सीड्या, उन्हात गरगर फिरत, लखलखत. मधूनच एखादी वळली की अक्षरं दिसायची, 'जवाब'.

"एक माकड नाय बघ," हरिश्चंद्र बुवा समाधानाने म्हणाले. "ह्या चमकता ता बघल्यानी आणि सगळी गेली सड्यापलीकडे."

सड्यापलीकडे कुणाचे दुधी होते, हे बुवांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"वर काय लिवला हा, वाचलंस?"

"चष्मो घराक."

"जवाब लिवलो हा. तुझ्या सवालाचो. कट्ट्याची बारी, एकोणीस वर्सां झाली."

हरिश्चंद्र बुवा सुतळी उलगडायला लागले. "खंयचो सवाल?"

मग गुरुदास बुवांनी तो सवाल म्हणून दाखवला, शब्द न शब्द, सुरासकट. हरिश्चंद्र बुवांना हसू फुटलं.

"हां, तो! अरे, माका फुडचो अभंग आठवना. वेळ काढूक तोंडाक इला ता विचारलंय. तेका जवाब खंय होतो? तू माकाच उलटो विचारलो असतंस, तर मी थंयच खपलो असतंय."

वाऱ्याने सीड्या फिरत राहिल्या. गुरुदास बुवांना रडावंसं वाटलं आणि समोरच्या माणसाच्या डोक्यात पपई घालावीशीही वाटली. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. झाडाखाली उभं राहून त्यांनी जवाब सांगितला. पेटी नाही, ताल नाही, साध्या शब्दांत. किनाऱ्यावर बसून गाणारा वानर, त्याच्या तालावर उचलले जाणारे दगड, सगळं.

हरिश्चंद्र बुवांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं. मान डोलवली.

"बरो आसा रे. मांडव उठलो असतो." मग काखेतली सीडी काढून तिला सुतळी ओवता ओवता म्हणाले, "पण ह्यो तेव्हाच देवक व्हयो होतो. आता कोणाक देतंस?"

बुवा घरी आले. सत्यवती दारात उभी होती, तिच्या हातात अर्धा कुरतडलेला दुधी. "मंगेश येवन गेलो," ती म्हणाली. "विचारी होतो, बारी खंय?"

बुवांनी झब्बा काढून खुंटीला लावला आणि सुतळी मागितली. सत्यवतीने दिली, आणि स्टूलही धरलं. उरलेल्या सीड्या बुवांनी एकेक करून दुधीच्या मांडवाला बांधल्या. जवाबाला मांडव मिळाला तो असा.

खालच्या वाटेने हौसाबाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. लखलखाट बघून थांबली.

"काय बुवा, इतक्यो सीड्यो? कोणाच्यो त्यो?"

"माकडांच्यो," बुवा म्हणाले.