दाढ बधिर व्हायला किती गाणी लागतात

या सगळ्या प्रकरणात ताईंना मिळणार काय होतं, ते आधी पाहू. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे आठ तास, अकरा वर्षं त्या दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसून एकच बासरी ऐकत होत्या. ती बंद झाली तर कान मोकळे होणार होते. बस, एवढंच. खुर्ची बदलणार नव्हती, रजा वाढणार नव्हती. उलट जायची झालीच तर नोकरी जाणार होती. एका पारड्यात कान, दुसऱ्यात नोकरी. ताईंनी नीट तोलून पाहिलं, आणि कानांचं पारडं जड निघालं.

बासरी निवडली होती वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं. तिच्यामुळे पेशंटना शांत वाटतं, असं त्यांचं म्हणणं. पेशंटांचं काय, ते सहा महिन्यांतून एकदा यायचे. ताईंना ती बासरी आता भाजी निवडताना ऐकू यायची, अंघोळ करताना ऐकू यायची. एकदा तर नवरा शेजारी घोरत होता, तेसुद्धा त्याच सुरात घोरतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याला उठवून बसवलं.

मग लेकीनं फोनवर गाण्यांच्या याद्या करायला शिकवलं. लेकीला वाटलं, आई एक यादी करेल आणि विसरून जाईल. ताई याद्या करतच सुटल्या. जुनी पॉप गाणी साल लावून, प्रसंग लावून, प्रत्येक यादीला रोखठोक नाव देऊन. ‘कॉलेज, नापास होण्याआधी.’ ‘कॉलेज, नापास झाल्यावर.’ ‘ठरलेलं लग्न मोडलं ते बरं झालं.’ ‘वहिनी माहेरी.’ या शेवटच्या यादीत बारा गाणी होती आणि बाराही नाचाची होती.

पण ताईंचा जीव होता तो एका वेगळ्याच यादीत. तिचं नाव ‘रेडिओ बंद होता ती चार वर्षं.’ लग्न होऊन सासरी आल्यावर सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, या घरात बातम्यांशिवाय काही लागत नाही. त्या चार वर्षांत बाहेरचं जग कुठल्या गाण्यांवर नाचलं, ते ताईंना कधी कळलंच नाही. लोक एखाद्या गाण्याची पहिली ओळ म्हणायचे आणि हसायचे, ताई नुसत्याच हसायच्या. आता त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी भेटेल त्याला विचारून, त्या त्या साली काय काय गाजलं होतं ते शोधून बासष्ट गाणी जमवली होती. ऐकायला मात्र वेळ नव्हता. घरी टीव्ही, दवाखान्यात बासरी.

सोमवारी सकाळी बासरीचं यंत्र बंद पडलं. ताईंनी ते बंद पाडलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते सुरू करायचा प्रयत्नही केला नाही, हे डॉक्टरांच्या बाजूनं. वहिनी आठवडाभर माहेरी. ताईंनी फोन काढला, दवाखान्यातल्या स्पीकरांना जोडला आणि ती चार वर्षं सुरू केली.

दहाच्या सुमाराला बाहेर बसलेले तीन पेशंट पाय हलवायला लागले. एक आजोबा कवळी खिशात ठेवून गुणगुणत होते. दार उघडून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं.

“ताई, बासरीचं काय झालं?”

“वारली.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. मग पुन्हा डोकं बाहेर आलं. “हे गाणं आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला होतं.”

“असेल. मी तेव्हा भांडी घासत होते.”

इथे डॉक्टरांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. पेशंटच्या हिरडीत इंजेक्शन द्यायच्या आधी ते आतून हाक मारत, “ताई, लावा.” ताई बासरी पहिल्यापासून लावत. डॉक्टर टोचत, पेशंटला खुर्चीत ठेवून शेजारच्या खोलीत जात, शब्दकोडं काढून बसत, आणि दाढ बधिर झाली की परत येत. ती बधिर झाली हे त्यांना कसं कळायचं, हे त्यांना कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अनुभव. कोणी विचारलं नव्हतं.

अकराला वकील आले. आवाज मोठा, दाढ किडलेली. डॉक्टर म्हणाले, “ताई, लावा.” ताईंनी यादीतलं पुढचं गाणं लावलं. डॉक्टरांनी टोचलं, शब्दकोड्यातला आडवा सात भरला, उभ्या नऊवर पेन टेकवलं, आणि गाणं संपलं. पेन खाली ठेवून ते उठले, हातमोजे चढवले आणि पक्कड उचलली.

वकील जे ओरडले ते कोर्टात कधीच ओरडले नसतील. बाहेर तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं होतं आणि त्यातला गायकही सुरुवातीलाच किंचाळणारा होता. आजोबा मान डोलावून म्हणाले, “वा. काय आवाज लावलाय.”

दाढ निघाली, पण वकील काउंटरपाशी येऊन गाल धरून उभे राहिले.

“बाई, तुमचे डॉक्टर इंजेक्शन देतात की नुसतं दाखवतात?”

“देतात की.”

“मग ते दुसऱ्या कोणाला दिलं असेल. मी लेखी विचारणार आहे.”

डॉक्टर घामाघूम झाले. त्यांनी औषधवाल्याला फोन लावला. “अहो, तुमच्या बाटल्यांत औषध असतं की पाणी?” औषधवाल्यानं चौदा वर्षांच्या इमानदारीची आठवण करून दिली. डॉक्टरांनी त्याला फक्त आजची सकाळ आठवायला सांगितली. तीनच्या सुमाराला नवी पेटी आली. रुसलेला औषधवाला ती स्वतः घेऊन आला आणि काउंटरवर आपटून गेला.

चार वाजता शिंपी आले. डॉक्टरांनी या वेळी नव्या पेटीतली दोन इंजेक्शनं दिली. गाणं पाऊण ओळीचं, पावणेतीन मिनिटांत आटोपणारं. ते संपलं, डॉक्टर उठले. शिंपी ओरडले नाहीत, कारण त्यांच्या तोंडात डॉक्टरांचं बोट होतं. ते त्यांनी चावलं. ओरडले डॉक्टर.

संध्याकाळी डॉक्टर बोटाला पट्टी बांधून काउंटरसमोरच्या बाकावर, पेशंटच्या जागी येऊन बसले. ताईंनी त्यांना तिथे बसलेलं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

“ताई, माझा हात गेला.”

“बोट चावलंय नुसतं.”

“तसं नाही हो. आता सुई कुठे टोचायची तेच कळेनासं झालंय मला. आधी वाटलं औषधात खोट आहे. खोट माझ्यात आहे. ही माहेराहून आली की बोलतो तिच्याशी. बंद करू या दवाखाना.”

ताईंना धसका बसला. पारड्यात टाकलेली नोकरी डॉक्टरांच्या हातासकट जाईल, असा त्यांचा हिशेब नव्हता. पण हिशेब चुकला म्हणून वही मिटून ठेवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी पेशंटांचं रजिस्टर पुढे ओढलं. तेच गाणं दोनदा लागू नये म्हणून प्रत्येक पेशंटसमोर त्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गाणं आणि त्याची लांबी लिहून ठेवत होत्या. वकील, तीन मिनिटं दहा सेकंद, ओरडले. शिंपी, पावणेतीन मिनिटं, चावले. आणि मध्ये, दोन वाजता, बँकेतली कॅशियर. तिचीही दाढच काढली होती, जुन्याच पेटीतल्या औषधानं, आणि जाताना ती म्हणाली होती की काही कळलंच नाही. तिच्या वेळी यादीतलं नाचाचं लांबवलेलं गाणं होतं. पावणेदहा मिनिटं.

“डॉक्टर, आपली बासरी किती मिनिटांची होती?”

“मला काय माहीत?”

“अकरा मिनिटं. मला माहीत आहे, मी भोगलीय ती. ती संपली की तुम्ही उठता. अकरा वर्षं तुम्ही तेच करताय. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. गाणी छोटी आहेत.”

खरं तर डॉक्टरांनी ताईंचे पाय धरायला हवे होते. पण हात गेला असं समजणाऱ्या माणसाचीही एक ऐट असते. ते ताडकन उठले.

“म्हणजे मी बावीस वर्षं शिकलेलं सगळं सोडून बासरीवर दाढा काढतो?”

“बावीसचं सांगता येत नाही. अकराचं सांगते.”

“ताई, तुम्ही घरी जा.”

मंगळवारी सकाळी वहिनीच येऊन उभ्या राहिल्या, बरोबर नवं यंत्र. रात्री डॉक्टरांनी फोनवर सगळं सांगितलं होतं, फक्त स्वतःच्या सोयीच्या क्रमानं. शिवाय वहिनींची स्वतःची एक दाढ चार दिवस ठणकत होती आणि त्यामुळे त्या जरा जास्तच स्पष्ट बोलत होत्या.

“ताई, या धांगडधिंग्यानं ह्यांचं लक्ष उडालं. इतकं साधं आहे. आणा तो फोन.”

ताईंनी फोन दिला. वहिनींनी बोटानं याद्या सरकवल्या आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

“‘वहिनी माहेरी’? हे काय आहे?”

“तुम्ही माहेरी गेलात की लावायची गाणी.”

“ते दिसतंय. पुसा हे. आणि ते चार वर्षांचं काय ते, तेही पुसा. माझ्यासमोर.”

“नाही पुसणार.”

“मग उद्यापासून यायचं नाही.”

“नोकरी तुमची आहे, ती घ्या,” ताई म्हणाल्या. “यादी माझी आहे. ती चार वर्षं एकदा दिलीत मी, सांगितल्याबरोबर, गुमान. आता पुन्हा द्यायची नाहीत मला.”

डॉक्टर दारात उभे होते. त्यांना वाटलं, ताई आवाज चढवतील. ताईंनी चढवला नाही, आणि त्यामुळे प्रकरण जास्तच गंभीर वाटायला लागलं.

वहिनींनी पर्स खुर्चीवर ठेवली. “ठीक आहे. माझी दाढ काढायचीच आहे. आत्ता काढू. बासरी लावून. मला दुखलं नाही तर तुम्ही यादी पुसायची आणि जायचं. बघू कोण खरं ते.”

“आणि दुखलं तर?”

“तर तुमचा गोंगाट इथे जन्मभर चालू दे.”

ताईंनी नव्या यंत्रावर नजर टाकली. त्यात बासरीचे साठ तुकडे भरलेले होते आणि प्रत्येकासमोर लांबी लिहिलेली होती. वाचणाऱ्याला दिसेल इतक्या ठळक आकड्यांत.

“वहिनी, पहिला तुकडा दोनच मिनिटांचा आहे.”

“तुम्ही मिनिटं मोजत बसता, म्हणूनच ही वेळ आली.”

ताई डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टर, दोन मिनिटं आहेत ती. भिंतीवरच्या घड्याळात बघून उठा हं.”

“मला माझं काम शिकवू नका,” डॉक्टर म्हणाले.

ताईंनी सांगायचं ते दोघांनाही सांगितलं होतं, आणि तेही प्रत्येकी एकदा स्पष्ट. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. आतून हाक आली, “ताई, लावा.” ताईंनी लावली. बासरी छान होती, आधीपेक्षा सुरेल. डॉक्टर शेजारच्या खोलीत गेले. शब्दकोड्याचं पान उलटल्याचा आवाज आला. बासरीनं एक लांब सूर घेतला, तो विरत विरत गेला आणि खोली शांत झाली. शांततेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेर कवळी बसवून घ्यायला परत आलेले आजोबा होते. आतली किंकाळी ऐकून त्यांनी विचारलं, “हे कालच्यातलं का?”

“नाही,” ताई म्हणाल्या, “हे नवीन.”

दाढ अर्धीच हलली होती. डॉक्टर पांढरेफटक पडून बाहेर आले आणि हातातल्या पकडीकडे बघत राहिले. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्या खाली कुठेतरी सुटकाही होती. हात शाबूत होता.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “ते पावणेदहा मिनिटांचं आहे ना, ते लावा. आणि पाठोपाठ अजून एक.”

या वेळी नीट बधिर झालं. दाढ निघाली आणि वहिनींना कळलंही नाही. अर्धा चेहरा दगडासारखा करून त्या बाहेर बाकावर बसल्या. बोळा तोंडात, त्यामुळे बोलायची सोय नाही. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर त्यांनी काउंटरवरचा कागद ओढला, काहीतरी लिहिलं आणि ताईंकडे सरकवला.

‘आमच्याकडेही रेडिओ बंद होता. दुसरं गाणं परत लावा.’

ताईंनी कागद वाचला. मग वहिनींकडे पाहिलं, त्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. त्या क्षणी कोणीही विरघळलं असतं.

“यादीत परत येईल तेव्हा लागेल,” ताई म्हणाल्या. “आणखी साठ आहेत. बसा.”

वहिनी बसल्या. साठही ऐकून उठल्या. मधे दोनदा बोळा बदलून झाला.

आता कोणी काय भरलं ते पाहू. वकिलांनी एक दाढ आणि एक किंकाळी भरली. शिंप्यांनी दाढ भरली, पण बोट वसूल केलं. औषधवाल्यानं चौदा वर्षांचा विश्वास भरला आणि त्याची माफी मागायचं अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. डॉक्टरांनी ऐट भरली. आता ते घड्याळ लावून उठतात आणि तो आपला नवीन शोध आहे असं पेशंटना सांगतात. वहिनींनी एकाच दाढेची दोनदा किंमत मोजली. ताईंच्या नावापुढे काहीच निघत नाही. चार वर्षं त्यांनी आगाऊ भरली होती.